नाताळचा रेडिओ आणि माज्या बाळाचे कान

बाळ चार म्हयन्यांचं झालं तरी कशाला दचकायचं नाय. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या उशाशी पितळेचं ताट वाजवतात, पुढं आवाजाला भिऊ नये म्हणून. सासूनं वाजवलं तेव्हा हा गप पडून होता, आणि सगळी म्हणाली, धीट हाय. पण चौथ्या म्हयन्यात तिनं परत वाजवलं, अगदी कानाशी, तरी ह्यानं मान वळवली नाय. सासूचं तोंडच उतरलं.

"बहिरा हाय गं ह्यो. परवा अवस. कानामागं बिब्ब्याचा चटका देऊ, त्यानं कान उघडतात."

माज्या भावाच्या पोटावर बिब्ब्याचा डाग हाय. तो कसा वरडला होता ते मी इसरले नाय. पण मी म्हटलं, "बरं, आत्याबाय." दुसरं काय म्हणणार? सतरा वर्षांची मी, मराठी तिसरी शिकलेली. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आईला त्यातलं कळतं," आणि डबा घेऊन गेले पाळीवर. हे खोपोलीच्या वीजघरात कामाला, आमची खोली वीजघराला लागूनच. यंत्रांची घरघर रातंदिस, फळीवरची भांडी आपोआप वाजायची. बोलायचं ते वरडूनच.

अवसेच्या आदल्या दिवशी नाताळ होता. टेकाडावर फोरमनसाहेबांचा बंगला, त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. त्यांच्याकडं रातच्याला पाहुणे यायचे होते म्हणून मला वाल सोलायला बोलावलं. पयल्यांदाच बाळाला घेऊन वर गेले. दारातनंच गाणं ऐकू आलं. साहेबांना सुट्टी, ते रेडिओच्या खुंट्या पिळत बसलेले. लढाईच्या बातम्यांसाठी ते लंडन लावायचे, पण त्या दिवशी तिकडं सण, नुसती गाणीबजावणी. आधी पुष्कळ पोरं एका सुरात गायली, मग बँड झाला, मग एक बाई अशी गायली की वाल सोलता सोलता माजा हात थांबला. शब्द एक कळंना. तरी डोळ्यांत पाणी आलं, उद्याचं आठवलं म्हणून असेल.

मग साहेब आत जाऊन झोपले आणि रेडिओत एक बाप्या बोलायला लागला. मी झटकन डोक्यावर पदर घेतला. तो कायतरी बोलला आणि तिकडं शंभर माणसं खो खो हसली. मला वाटलं, मलाच हसतात! मी भिंतीकडं तोंड करून बसले.

तेवढ्यात बाळ भुकेनं तोंड मारायला लागलं. मी पदर आवळून तशीच.

काकू म्हणाल्या, "अगं, पाज ना त्याला."

"ह्यांच्यासमोर कसं काकू?"

"ह्यांच्यासमोर म्हणजे? हे तर आत घोरताहेत!"

मी हळूच रेडिओकडं बोट केलं. काकू एवढ्या हसल्या की वालाचं ताट सांडलं. "अगं वेडे, तो तिकडं विलायतेत बसलाय!"

"असू द्या. पण आवाज तर इथं हाय ना."

"बरं बाई, घालवते त्याला," म्हणत त्यांनी खुंटी पिळली. सगळं गप झालं, वीजघराची घरघरपण तिथवर पोचत नव्हती. मी बाळाला जवळ घेतलं, त्यानं दोन घोट घेतले, सोडून दिलं आणि असा टाहो फोडला की मीच दचकले. थोपटलं, फिरवलं, गप होईना. काकू घाबरून म्हणाल्या, "आमचं घर लाभत नाही की काय याला?" आणि काय सुचेना म्हणून त्यांनी रेडिओ परत लावला. तोच बाप्या, तेच हसणं. बाळ गपकन थांबलं आणि चुटूचुटू प्यायला लागलं.

काकू माज्याकडं बघत राह्यल्या. मग त्यांनी रेडिओ बंद केला. बाळानं वरडायला तोंड उघडलं. लावला. मिटलं.

"अगं, याला ऐकू येतंय!" काकू म्हणाल्या. "गोंगाटातच जन्मलाय तुझा. याला आवाजाची भीती नाही, शांततेची आहे!"

मी बाळाला काकूंच्या मांडीवर टाकलं आणि अनवाणी टेकाड उतरून सासूला बोलवायला गेले. आयुष्यात पयल्यांदा तिचा हात धरून वढला. "चला आत्याबाय, चला म्हणते ना!" ती धापा टाकत आली. काकूंनी तिच्यासमोर रेडिओ बंद केला, लावला, परत बंद केला. बाळ दर वेळी रडलं आणि गप झालं. सासू गालावर हात ठेवून बघत होती.

"मेला सायबाचा जावई!" ती म्हणाली. "माज्या ताटाला मान हलवंना, आणि ह्याला गोऱ्यांचा बाजा लागतो!"

पण लगेच तिनं कनवटीचा बिब्बा काढला, अंगणापलीकडं भिरकावला, आणि बाळाला घेऊन रेडिओसमोर बसली ती दिवेलागणीपर्यंत. मधेच मला म्हणाली, "इकडं तोंड कर गं, भिंतीला काय बघतेस?" मग उरलेले वाल मी तोंड वळवून सोलले. नाचाचा बँड वाजत होता, आणि बाळ परत भुकेलं तेव्हा मी त्याला तिथंच पाजलं. डोक्यावर पदर मात्र होता.

आता पोरगा तीन वर्षांचा हाय. साहेबांची बदली झाली, काकू गेल्या, रेडिओपण गेला. ती गाणारी बाई कोण, तो हसवणारा बाप्या कोण, मला ठाव नाय. त्यांनाही माजं काय ठाव असणार? पण पोराला न्हाऊ घालताना मी त्याचे कान पुढं दुमडते, मागं चोळते. कातडी कशी कवळी हाय, डाग नाय कसला. तो वरडतो, "आये, पुरे गं!" आणि मी आणखी थोडा वेळ चोळत राह्यते.