तिकडच्या गल्लीत अक्कांचा आवाज

लोहाऱ्याच्या स्टँडवर जीपमध्ये बसले होते, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काकी, आई गेली." मी विचारलं, "कुठं?" तो रडायलाच लागला. जीप भरेपर्यंत मी तशीच बसून राहिले. महिना होत आला, अजून नीट रडूही आलेलं नाही.

कमलअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. जळकोटला आमच्या गल्लीत एका परदेशी कंपनीच्या मालिकेचं शूटिंग झालं, तेव्हा गर्दीतल्या बायकांमधून त्यांना नायकाच्या मावशीचं काम मिळालं. शेतातून आलेल्या माणसानं बोलावं तशा त्या कॅमेऱ्यापुढं बोलल्या. मालिका आल्यावर लोक रस्त्यात "मावशी" म्हणून हाक मारायचे अन् अक्का लाजून पदर तोंडाला लावायच्या. शूटिंगचा मॅनेजर जाताना म्हणाला होता, पुढच्या भागाला पुन्हा येतो. त्याच्या भरवशावर त्यांनी शूटिंगवाल्यांनी रंगवलेली भिंत दोन दिवाळ्या सारवू दिली नाही. मग त्याचाच फोन आला. दुसरा भाग परदेशात होतोय, तिथलं सरकार खर्चातला वाटा परत देतं, इथून फक्त मोठे नट नेणार.

"मग आमची गल्ली?" अक्कांनी विचारलं.

"तिथं बांधलीय, अक्का. लिंबाच्या झाडासकट."

"आन माणसं?"

"तिथलीच."

अक्का "बरं" म्हणाल्या अन् भाकरी थापायला बसल्या. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच ती भिंत सारवली.

काही महिन्यांनी पुण्याहून बोलावणं आलं. तिकडं मावशीचं काम करणाऱ्या बाईला मराठी येत नव्हतं, आवाज अक्कांचा हवा होता. मी सोबत गेले. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर आमच्यासारख्याच गल्लीत एक परकी बाई अक्कांसारखं हिरवं लुगडं नेसून उभी होती. मला पाहवेना. अक्का मात्र तिच्या ओठांकडं बघत बोलत राहिल्या. परतताना एस्टीत मी चिडून म्हणाले, "तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "बाई गुणाची हाय गं. लई जीव लावून करती. तिला तरी कुठं ठाव, म्या कोण ते..." पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही. तो भाग मोबाइलवर आला, तेव्हाही पाहिला नाही.

परवा संध्याकाळी अक्कांचे मालक, आमचे भावजी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. लेकाला म्हणाले, "ती मालिका लाव." त्यानं मोबाइल पुढं धरला, तर त्यांनी तो जमिनीवर पालथा ठेवायला लावला.

"ती बाई नको. निस्तं ऐकू दे."

पालथ्या मोबाइलमधून अक्का म्हणाल्या, "जेवून जा रं, तसाच नको जाऊ."

भावजींनी मान हलवली. "व्हय," म्हणाले. मी ताट वाढलं. ते जेवले.