घरची मोहर

विक्रोळीच्या कारखान्यात दशरथ सावंत माल तपासायचे. पण सुटी आली की ह्या गृहस्थांच्या डोक्यात एकच खूळ: इंग्रजी अमदानीतली सोन्याची नाणी. विकत घ्यायची ऐपत कुठली! म्हणून लोकांची नाणी बघायची आणि वहीत त्यांचं वर्णन उतरवायचं. खारदांड्याच्या कोळणीचं असो की मुलुंडच्या शेटजींचं. छाप, काठ, झीज, साल. सांगोवांगी एक अक्षर लिहायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच. अशी एकशे बारा नाणी झाली होती.

आणि बायकोच्या गळ्यात काय? राणीच्या छापाची अख्खी मोहर, कडी लावून पोतीत ओवलेली! पण घरचं नाणं कोण बघतो?

सत्त्याऐंशी साली त्यांच्या लेकीचं, कुंदाचं, लग्न ठरलं. मोहर आटवून तिला दोन बांगड्या करायच्या, असं वनमालाबाईंनी ठरवून टाकलं.

"चारला सोनाराकडे जायचंय," त्या मोहर सोडवत म्हणाल्या.

दशरथ ताडकन उठले. "थांब गं, आधी लिहून घेतो! आटली की संपलंच."

"घ्या! काखेत कळसा नि गावाला वळसा. एकतीस वर्षं समोर होती, तेव्हा सवड नव्हती."

राणीचा चेहरा ठीक होता. पण दुसरी बाजू, अंगाला घासून घासून, पार गुळगुळीत झालेली. दशरथांनी भिंग लावलं, उन्हात तिरकी धरली. छे!

"वाट लागली. साल गेलं. आता काय लिहू, कपाळ?"

"अठराशे एक्याऐंशी," वनमालाबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लग्नात घातली तेव्हा ठळक होतं. तुम्ही दुसऱ्या पाळीला जायचात. मालवण सुटलेलं, इथे कुण्णी ओळखीचं नाही. मग बसायचे मोहर उलटीसुलटी करत. आकडे पाठ झाले. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

दशरथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या बायकांच्या गळ्यातली नाणी बघत गावभर हिंडलो, आणि ही इथे एकटी बसून होती.

त्यांनी वही ओढली. 'साल १८८१' लिहिलं. पुढे 'कोणी पाहिलं' ह्या रकान्यात एकशे बारा वेळा स्वतःचं नाव होतं. तिथे लिहिलं, 'वनमाला'.

मग पाट ओढून तिच्यासमोर बसले.

"अजून काय काय होतं गं त्या बाजूला? सावकाश सांग. चारला वेळ आहे."