दाजींची वस्तू

आमचे दाजी कुंडलिकराव किकवीचे. मुंबईत एका संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला होते. सुट्टीला यायचे तेही एसटीच्या धुळीत टाय बांधून. एकोणऐंशी साली आमच्या भागात कॉम्प्युटर पाहिलेला माणूस हा एकच, म्हणून लोक आ वासून ऐकायचे.

ऐकायचं काय, तर नावं. सिम्युला नावाच्या भाषेत क्लास म्हणजे साचा, आणि साच्यातून निघते ती वस्तू, ऑब्जेक्ट. वस्तू जे काम करते त्याला सिम्युलात प्रोसिजर म्हणतात. अमेरिकेतल्या स्मॉलटॉक भाषेत त्यालाच मेथड म्हणतात, आणि काम करून घ्यायला वस्तूला निरोप धाडतात. जुन्या साच्यावरून नवा काढायचा, तर सिम्युलावाले जुन्याचं नाव नव्याच्या आधी लावतात; स्मॉलटॉकवाले जुन्याला सुपरक्लास म्हणतात. “बिनडोक लोक नावांवरून भांडतात,” बशीत चहा ओतत दाजी म्हणायचे, “मी नावाला भुलत नाही. मी वस्तू ओळखतो.” स्मॉलटॉक त्यांनी फक्त एका मासिकात वाचली होती. उथळ पाण्याला खळखळाट फार.

ह्याच गृहस्थाने लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझ्या बहिणीचं नाव बदललं. अंजना गावठी वाटलं, म्हणून मृणालिनी. सासूला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. मुंबईला काही तिला नेलं नाही; किकवीत ठेवली, भाकऱ्या थापायला.

मग आमच्या गावी, वेल्ह्यात, बालवाडी निघाली. अंजना सातवी पास. तिथली शिकवायची जागा तिला मनापासून हवी होती. पण शाळेच्या दाखल्यावर अंजना आणि सासरच्या रेशनकार्डावर मृणालिनी. कचेरीतले साहेब म्हणाले, नवऱ्याने येऊन दोघी एकच म्हणून सांगावं, बास.

दाजी सुट्टीवर घरीच होते. तिने विचारलं, तर टाय सारखा करत म्हणाले, “मी मृणालिनीशी लग्न केलंय. ही अंजना कोण, मला काय ठाऊक?” आपल्या बायकोने परक्या पोरांची नाकं पुसावीत, ह्याची त्यांना लाज वाटत होती. ते सरळ बोलायची छाती नव्हती. मला तर त्या माणसाची किळस आली.

शेवटी आमच्या गावची सुईण पारूबाई कचेरीत उभी राहिली. “सायेब, हिची नाळ म्या कापलीया. नाव कायबी ठिवा, बाई हीच हाय.” साहेबांनी मान डोलावली. अंजनाला जागा मिळाली आणि ती वेल्ह्यात आमच्याकडे राहायला आली.

पुढच्या सुट्टीत दाजी आमच्या ओट्यावर हजर. पाय पसरून त्यांनी हाक दिली, “मृणालिनी, चहा आण!”

आत अंजना बालवाडीच्या पोरांसाठी कागदाच्या चिमण्या कापत होती. तिने मान वर केली नाही. दाजींनी पुन्हा हाक दिली, मग आवाज चढवून पुन्हा. तेव्हा कुठे ती कात्री हातात घेऊनच दारात आली.

“त्या हितं ऱ्हात न्हाईत. कुनाकडं काम हाय तुमचं?”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

“अंजना...” दाजी पुटपुटले.

“ती कोन, तुमाला काय ठावं?” ती म्हणाली आणि चिमण्या कापायला आत गेली.