विमानवाल्याला बघायला आले

हौशीराम गराडे विमान चालवतात, हे वराळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण विमान चालवता येणाऱ्या माणसाला नोकरी का मिळत नाही, हे मात्र कुणाला समजत नव्हतं.

"टांगेवाल्याला काम हाय, मोटारवाल्याला हाय," नथूआबा पारावर बसून म्हणायचे. "मंग इमानवाल्यालाच का न्हाई?"

नथूआबा गावातले सगळ्यात वडीलधारे. त्यांना उत्तर देणं अवघड होतं, कारण प्रश्न बरोबर होता.

हौशीरामभाऊ लढाईच्या काळात मेकॅनिक म्हणून विमानदलात गेले. लढाई संपल्यावर लष्कराची जुनी डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली आणि जिकडेतिकडे छोट्या कंपन्या निघाल्या. तशाच एका कंपनीत भाऊ इंजिनं दुरुस्त करता करता उडवायला शिकले, परीक्षा दिल्या आणि कॅप्टन झाले. पुढं ती कंपनी बंद पडली. त्यानंतर थोड्याच काळात, १९५३ साली, वेळापत्रकाची सगळी विमानसेवा सरकारी झाली. तिथं आधीच्या कंपन्यांचे वैमानिक भरपूर होते. उरल्या त्या भाड्यानं विमान देणाऱ्या लहान कंपन्या. त्यांच्याकडे एकदोन विमानं असायची आणि दारात वैमानिकांची रांग.

एका कंपनीनं सांगितलं, "तुमचा अनुभव आमच्या मानानं फार मोठा आहे. बरी नोकरी मिळाली की तुम्ही निघून जाल." दुसरीनं सांगितलं, "तुम्ही बरेच महिने उडवलेलं नाही. आधी सराव करून या." सराव करायला विमान लागतं आणि विमान नोकरीशिवाय मिळत नाही. हे चक्र एखाद्या गिअरसारखं होतं. दात नीट बसत होते, पण गाडी पुढं जात नव्हती. तिसऱ्या कंपनीनं फक्त "कळवतो" म्हटलं.

तेव्हापासून भाऊ घरची शेती बघत होते. वडिलांच्या मागं पडीक राहिलेली वरची दोन भातखाचरंही त्यांनी लागवडीखाली आणली होती. तरी आभाळात कुठं घरघर झाली की वाकलेला माणूस ताठ व्हायचा, ऐकायचा आणि म्हणायचा, "डाव्या इंजिनाला तेल कमी हाय त्येच्या."

त्यांची बायको लीलाबाई म्हणायची, "अवं, आधी बैलाला पानी कमी हाय, ते बघा."

१९५५च्या जुलैत भाऊंना कळलं की कॅप्टन सामंत म्हणून एक जण नवी कंपनी काढताहेत आणि सध्या वलवणला एका बंगल्यावर उतरले आहेत. भाऊ लगेच गाडीनं लोणावळ्याला गेले आणि भर पावसात चालत वलवण गाठलं.

सामंत साहेब उंच आणि कोरड्या बोलण्याचे. त्यांनी भाऊंची उड्डाणांची नोंद चाळली आणि बाजूला ठेवली.

"उडवता येतं हे दिसलं. तो माझा प्रश्न नाही," ते म्हणाले. "माझी विमानं गवताच्या धावपट्टीवर उतरणार. आंब्याच्या पेट्या, औषधं, टपाल, कधी चार माणसं. मी याआधी दोन कॅप्टन घेतले. एकाला पेटीला हात लावायचा नव्हता. दुसऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, माझी बॅग कोण उचलणार? मला आता पोशाखातला कॅप्टन नको, कामाचा माणूस हवा."

"मी कामाचाच आहे, साहेब."

"सगळे तेच म्हणतात. मंगळवारी मी पुण्याला जाणार आहे. वाटेत तुमच्या गावात येतो. तुम्हाला तुमच्या घरी बघतो आणि तिथंच उत्तर देतो."

भाऊ घरी आले ते हसत. लीलाबाईनं विचारलं, "काय म्हनाला साह्यब?"

"मंगळवारी बघायला येतोय."

एवढंच बोलले आणि जेवायला बसले. इथंच घोटाळा झाला. आमच्याकडे "बघायला येणं" याचा अर्थ एकच. लीलाबाईनं शेजारच्या मुक्ताबाईला सांगितलं, मुक्ताबाईनं गावाला, आणि संध्याकाळी नथूआबा काठी टेकत दारात हजर.

"हौशा, मंगळवारी तुझी इर्जिक हाय न्हवं?"

होती. इर्जिक म्हणजे सगळ्या गावानं एकाच्या शेतात कामाला यायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. भाऊंची भातलावणी मंगळवारी ठरली होती. रोप तयार होतं, ते थांबणार नव्हतं.

"हाय की. साह्यब आला तर आला. मी खाचरात आसंन."

"खुळा का काय?" आबा गरजले. "लगीन जमवायला पावनं येत्यात, तवा नवरी श्यान थापत बसती व्हय? तू कापडं घालून बसायचं. लावनी आमी करतो."

"आबा, त्येला काम करनारा मानूस पायजे."

"काम करनारा पायजे, चिखलातला न्हाई!" लीलाबाई मधेच म्हणाली. ती अशी आबांच्या बाजूनं कधी बोलत नसे. "मेकॅनिकचा कॅप्टन झाला म्हनून आदीच लोक नाक मुरडत्यात. कुनब्याचा पोर म्हनून नको म्हनला तर?"

भाऊंनी आपल्या हातांकडे बघितलं. तिसऱ्या कंपनीत कुणीतरी त्यांच्या बोटांकडे टक लावून बघितलं होतं, ते त्यांना आठवलं असावं. कोण जाणे, बायकोचंच खरं असेल. त्यांनी पेटीतून पांढरा पोशाख काढला. लीलाबाईनं तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली.

मंगळवारी चावडीतली हाताची खुर्ची भाऊंच्या ओटीवर आली. ओटीसमोर उतारावर खाचरं होती आणि तिथं सगळं गाव पावसासाठी पानांची इरली पांघरून वाकलेलं होतं. भाऊ खुर्चीवर बसले. पांढरा स्वच्छ पोशाख, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी. पागोळ्या उडू नयेत म्हणून आबांनी शिदूला छत्री धरून शेजारी उभं केलं. शिदू डोंगरातल्या वाडीवरचा, इर्जिकीला आलेला. तो म्हणाला, "भाऊ, तुमी आज देवळातल्या देवावानी दिसताय."

"देवाला निदान हलावंसं वाटत न्हाई, त्येचं बरं हाय," भाऊ पुटपुटले.

साहेबांची जीप आली. ते उतरले, खुर्ची बघितली, छत्री बघितली, आणि त्यांचा चेहरा झटकन उतरला.

भाऊ उठून काही बोलणार, तोच आबा पुढं सरसावले. "या साह्यब! आमचा हौशा म्हंजी हिरा. मानूस कसा? काडी उचलत न्हाई! पान्याचा तांब्या बी बायकोनं हातात द्यावा लागतो."

"असं?" साहेब म्हणाले.

"मंग! शेताकडं तर ढुंकून बगत न्हाई. चिखलाचा वास सोसत न्हाई त्येला."

भाऊंनी डोळे मिटले. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"ठीक आहे, गराडे," ते म्हणाले. "कळवतो."

तो शब्द भाऊंना चांगला माहीत होता. त्यांनी साहेबांच्या खांद्यावरून समोर बघितलं. सांगण्यासारखं खूप होतं, पण आबांना सगळ्यांदेखत खोटं पाडणं त्यांच्याच्यानं होईना. आणि बघता बघता त्यांची नजर वरच्या खाचरावर थांबली. पाणी चढत होतं. नुकतं लावलेलं रोप मुळासकट सुटून तरंगायला लागलं होतं. माणसं ते लावून खालच्या खाचरात उतरली होती, वाकलेल्यांना ते दिसत नव्हतं. खालच्या बाजूला बांधाचं तोंड गवतानं तुंबलं होतं.

"साहेब, चहा घेऊन जा," भाऊ म्हणाले. "मला जावं लागेल."

त्यांनी बूट काढून ओटीवर ठेवले, टोपी शिदूच्या हातात दिली आणि उतारावरून धावत सुटले.

"आरं कापडं! कापडं!" आबा ओरडले.

भाऊ मांडीपर्यंत चिखलात शिरले. दोन्ही हातांनी त्यांनी गवत उपसलं, तोंड मोकळं केलं, पाणी भसाभसा खाली गेलं. मग तसेच ते सुटलेलं रोप गोळा करून पुन्हा लावायला लागले. भात मागं सरकत सरकत लावायचं असतं. पांढरा पोशाख मागं मागं येत होता आणि प्रत्येक पावलाला थोडा तपकिरी होत होता.

साहेब जीपकडे न जाता बांधावर येऊन उभे राहिले, मागोमाग आबाही.

"हे रोज करतो हा?"

"न्हाई न्हाई!" आबा घाईनं म्हणाले. "आज पयल्यांदाच. पाय घसरला त्येचा."

मुक्ताबाई लगतच्या खालच्या खाचरात वाकलेली होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आबा, आता पुरं झालं. साह्यब, ही वरची दोन खाचरं पडीक व्हती, ती ह्येनं फोडली. आन त्येची रांग बगा. मागं डोळं न्हाईत, तरी सुतात हाय."

साहेबांनी रांग बघितली. रांग खरंच सुतात होती.

"गराडे!" त्यांनी हाक मारली. "पेट्या भराव्या लागल्या तर?"

"भरीन!" भाऊ मान वर न करता म्हणाले.

"पट्टीवर म्हशी असल्या तर?"

"वरनं एक फेरी मारीन, साहेब. न्हाई हालल्या तर मंग दुसरी फेरी. म्हशीला विचार करायला वेळ द्यावा लागतो."

साहेब मोठ्यानं हसले. वलवणच्या बंगल्यात भेटल्यावर हा माणूस कधी हसत असेल असं भाऊंना वाटलं नव्हतं. "सोमवारी जुहूच्या विमानतळावर या. पहिले काही दिवस मी शेजारी बसेन, तुमचा सराव होईल. आणि हा पांढरा पोशाख आणू नका."

"आता न्ह्यायसारखा राह्यलाय कुटं?" लीलाबाई बांधावरून म्हणाली. ती हसत होती की रडत होती, हे पावसात कळत नव्हतं.

इर्जिकीच्या पंगतीला साहेबही बसले. भाकरी आणि हुलग्याची आमटी त्यांनी दोनदा मागून घेतली. जीप निघून गेल्यावर आबांनी मिशा पुसल्या आणि पंगतीकडे बघून म्हणाले, "बगितलं? खुर्चीवर बसिवला म्हनून जमलं."

लीलाबाईनं तोंड उघडलं, पण भाऊंनी तिला डोळ्यानं खुणावलं. त्यांनी आबांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाले, "तर काय, आबा."

भाऊ त्या कंपनीत पुढं बरीच वर्षं राहिले. पण आबांचं म्हणणं गावात पक्कं बसलं. वराळ्यातून कारखान्यात, रेल्वेत, वडगावच्या कचेरीत, कुठंही कुणी मुलाखतीला निघालं की आधी त्याला चावडीतल्या त्या खुर्चीवर बसवतात आणि शेजारी एक जण छत्री धरतो, मग बाहेर कडक ऊन असो. सुट्टीवर आलेले हौशीरामभाऊ हजर असले, तर छत्री तेच धरतात.