सरांनी उचललेली माती

खेडकर सर एकोणीसशे सत्तरच्या जूनमध्ये कोल्हारला आमच्या शाळेत आले. गहिनीनाथ खेडकर, पाथर्डीकडचे. किडकिडीत अंगाचे, पायात टायरच्या चपला. गणित शिकवायचे. पहिल्या दिवशी हजेरीत त्यांनी ‘कडूबाई’ म्हटलं आणि वर्गात खसखस पिकली. कडूबाई माझी मैत्रीण. आधीची तिन्ही भावंडं दगावली म्हणून तिला तसं नाव ठेवलेलं. तिनं मान खाली घातली.

सरांनी हजेरीपुस्तक मिटलं. “माझ्या आईचं नाव लंकाबाई. दर हंगामाला कोयता घेऊन ती तुमच्याच भागात ऊस तोडायला येते. हसायचं असेल तर आधी तिला हसा.”

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून कडूबाई गणितावर जीव टाकू लागली, आणि तिच्यामागे मी.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. आमची वस्ती वरच्या माळावर, कालवा खाली. दिवाळीनंतर आम्ही दोघींनी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, सोडली आणि घरच्यांबरोबर पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहू लागलो. आठवडाभरानं भर दुपारी सर सायकल ढकलत बांधावर आले.

“बन्सीभाऊ, पोरींची मॅट्रिक चार महिन्यांवर आलीय,” ते माझ्या वडिलांना म्हणाले.

दादा घाम पुसत म्हणाले, “मास्तर, मला का कळत न्हाई? पन ह्या दोघी बसल्या तर आमच्या टोळीचं माप कोन भरनार? मापावरच मजुरी मिळती.”

“मी भरतो.”

दादांना ती थट्टा वाटली. सरांनी सदरा काढून बाभळीला अडकवला आणि माझ्या डोक्यावरचं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

त्या वर्षी शाळा सकाळची होती. शाळा सुटली की सर रोज यायचे. आम्ही बाभळीखाली गणितं सोडवायचो आणि ते आमच्या वाटची माती वाहायचे. अडलं की घमेलं रिकामं करून येताना थांबायचे, वहीत बघायचे, “इथपर्यंत बरोबर आहे, पुढं जा,” म्हणायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मुकादम त्यांना ‘घमेलंमास्तर’ म्हणायचा. सरही हसायचे आणि सगळ्यांबरोबर त्याच पिंपातलं गढूळ पाणी प्यायचे.

फेब्रुवारीत त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. कडूबाईनं विचारलं तर म्हणाले, “ऊन लागलंय.” मार्चमध्ये राहात्याच्या परीक्षा केंद्रावर त्यांनीच आम्हाला सोडलं. गणिताच्या पेपरला मात्र ते आले नाहीत. कावीळ पोटात उतरली होती. त्यांना गावी नेलं, तिथून नगरच्या दवाखान्यात. एप्रिलमध्ये ते गेले. आम्हाला कळलं तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता.

दादा आम्हा दोघींना घेऊन पाथर्डीकडं गेले. पत्र्याच्या घरासमोर एक वाळलेली म्हातारी बसली होती. दादांनी आपलं नाव सांगितलं.

लंकाबाईंनी आमच्याकडं पाहिलं. “इजयमाला अन् कडूबाई व्हय? लई सांगायचा तुमचं.” मग त्या दादांकडं वळल्या. “माझ्या गहिनीनं घमेलं उचललं म्हनत्यात. खरं हाय का?”

मी म्हणाले, “व्हय.”

“मी त्याला कदी कोयत्याला हात लावू दिला न्हाई,” त्या म्हणाल्या. “मोळी उचलू दिली न्हाई. म्हनलं, ह्याच्या डोक्यावर वझं नको.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कडूबाई त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडली आणि त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जूनमध्ये निकाल लागला. दोघी पास. गणितात कडूबाई शाळेत पहिली. हेडमास्तरांनी पेढा पुढं केला, पण तिनं तो घेतला नाही. पायरीवर गुणपत्रिका मांडीवर ठेवून बसली, ती शिपायानं शाळा बंद केली तरी उठेना.

पुढं ती नर्स झाली. मी राहुरीला शिक्षिका झाले. दादा थकल्यावर अधूनमधून म्हणायचे, “माले, त्या दिशी मी मास्तरला न्हाई म्हनायला पायजे हुतं.” मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. ते नाही म्हणाले असते तर सर वाचले असते, आणि मी आज शिकवत नसते. या दोन्हीतलं काय हवं होतं, हे मला कधी बोलता आलं नाही.