बसस्टँडवरचा हवलदार गुरुंग

जयपूरच्या लष्करी ठाण्यात माझं शेवटचं पोस्टिंग झालं. मी साताऱ्याकडचा, इंटेलिजन्समध्ये सुभेदार. काम टेबलावरचं. शेजारी देश नेपाळमधून आलेली माहिती तपासायची, कर्नलसाहेबांपुढे ठेवायची, गरज पडेल ती पोलिसांना कळवायची. सीमेपलीकडून ती देणारा नेपाळी फौजेतला हवलदार गुरुंग. आम्ही कधी भेटलो नव्हतो. रोज सकाळी फोन व्हायचा. आधी काम, मग हवापाणी, मग त्याच्या मुलीच्या खोड्या.

त्या दिवशी तो फक्त कामाचंच बोलला. घातपातासाठी दोन माणसं निघाली होती. एक सीमा ओलांडून जयपूरला, बनी पार्कातल्या एका गेस्ट हाऊसमध्ये उतरला होता. दुसरा अजून सीमेपलीकडच्या बसस्टँडवर, गुरुंगच्या नजरेसमोर.

"उठा लूँ, साब?"

मी कर्नलसाहेबांना विचारलं.

"थांबायला सांगा," ते म्हणाले. "तो पकडला गेल्याचं कळलं, तर इथला सावध होईल. त्या गेस्ट हाऊसमध्ये लग्नाचं वऱ्हाड उतरलंय."

मी निरोप दिला. गुरुंग एकटाच होता. त्याची कुमक वाटेत होती.

"ठीक है, साब. नजर में है."

पोलीस साध्या कपड्यांत गेस्ट हाऊसमध्ये गेले. वऱ्हाडाला मागच्या दाराने बाहेर काढलं. चहा अर्धाच राहिला म्हणून वरमाय कुरकुरत होती. तो माणूस जिन्यातच सापडला, स्फोटकं त्याच्या खोलीत. कुणाला खरचटलंही नाही.

मी लगेच गुरुंगला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तेव्हा त्याचे मेजरसाहेब बोलले.

"सुभेदारसाब, गुरुंग नहीं रहे."

दुसरा माणूस सुटत्या बसमध्ये चढला होता. गुरुंग त्याच्यामागे चढला. त्या माणसाने त्याला ओळखलं आणि गोळी झाडली. गुरुंगने पिस्तुलाचा हात धरला तो सोडलाच नाही. प्रवाशांनी मिळून त्या माणसाला दाबून धरलं.

कर्नलसाहेबांनी मला रिपोर्ट लिहायला सांगितला. थांबण्याचा आदेश आमचा होता, हे मी त्यात लिहिलं. त्यांनी एक शब्द न बदलता सही केली.

पुढे मेजरसाहेब बैठकीसाठी जयपूरला आले. सुरुवातीला गुरुंगसाठी सगळे उभे राहिलो, मग कामकाज झालं. जेवणाच्या वेळी मी त्यांच्याकडे गुरुंगचा फोटो मागितला. आवाजावरून तो मला चाळिशीचा वाटायचा. फोटोत जेमतेम तिशीचा होता, मुलीला कडेवर घेतलेला.

निवृत्तीनंतर मी जयपूरमध्येच, प्रताप नगरात राहिलो. तुमच्या सोबतचं कोण गेलं, असं कुणी विचारलं तर मी गुरुंगचं नाव सांगतो. तो आपल्या फौजेतला नव्हता, हे त्यानंतर.