सत्त्याऐंशी नंबरचा फॉर्म

आधीच सांगते, माझा अशा गोष्टींशी छत्तीसचा आकडा आहे. अम्मीने होस्टेलला निघताना दिलेला तावीजसुद्धा मी कंपासमध्ये पेनांसोबत टाकून दिला होता... तर असली मी आज इथे लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

मी शिंदखेड्याची. अब्बांचं टेलरिंगचं छोटं दुकान. खासगी कॉलेजात एमबीए करणं आमच्या ऐपतीतलं नव्हतंच. जळगावच्या बाहेर टेकडीवर विद्यापीठ आहे, तिथल्या मॅनेजमेंट विभागात नंबर लागला म्हणून मी शिकले. सरकारी फी आणि जीव तोडून शिकवणाऱ्या मॅडम. त्या विभागाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि तिथेच मी लबाडी केली.

दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. विषय – धरणगाव तालुक्यातले कापूसवाले शेतकरी आणि ठिबक कंपन्यांची विक्रीनंतरची सेवा. शंभर शेतकऱ्यांना भेटून शंभर फॉर्म भरायचे. सदुसष्ट मी खरेच भरले, उन्हातान्हात, एसटीने फिरून. मग ताप आला, तारीख जवळ आली. आमच्या बॅचमध्ये घरबसल्या खोटे फॉर्म भरण्याला ‘पिकवणं’ म्हणायचे, वखारीत केळी पिकवतात तसं. मी तेहतीस फॉर्म पिकवले. तीन रंगांची पेनं, काही फॉर्म डाव्या हाताने. अगदी मन लावून.

सत्त्याऐंशी नंबरला मी नाव लिहिलं – सुपडू आनंदा पाटील, वय एकाहत्तर. गाव धरणगावच्या अलीकडचं, ज्याची मी फक्त पाटी बघितली होती. मेकॅनिक किती वेळा आला? दोनदा. शेवटी ‘सूचना’ची ओळ. तिथे काय सुचलं कोण जाणे, लिहिलं – ‘विचारायला सगळे येतात, परत सांगायला कोणी येत नाही.’

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक सर फॉर्म चाळता चाळता नेमके त्याच पानावर थांबले.

“हे वाक्य शेतकऱ्याचं की तुझं?”

“शेतकऱ्याचं, सर.”

“मला धरणगाववरूनच जायचंय. चला, भेटूनच घेऊ या सुपडूनानांना. मॅडम, तुम्हीही चला.”

एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं, पण अट होती – पास झाले तरच. अब्बांनी ते पत्र दुकानात काचेखाली लावलं होतं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे. मी गाडीत पुढच्या सीटवर कंपास मुठीत धरून बसले होते. खरं सांगून टाकावं असं तीनदा वाटलं... तोंडच उघडेना.

दुपारचे चार वाजले असतील. सरांनी गावात पहिल्याच माणसाला विचारलं, सुपडू आनंदा पाटील कुठे राहतात? त्याने सरळ बोट दाखवलं.

ओट्यावर एक म्हातारे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

सरांनी विचारलं, “नाना, या मुलीने तुमच्याकडून फॉर्म भरून घेतला होता का?”

नानांनी माझ्याकडे बघितलं.

“हां, उनी व्हती ना. आठेच बठेल व्हती, खांबाजोडे.” म्हणजे मी आले होते, इथेच खांबाजवळ बसले होते!

“ठिबकवाला मेकॅनिक किती वेळा आला?”

“दोन खेप.” आणि मग कोणी न विचारताच शेंग फोडत म्हणाले, “इचाराले बठ्ठा येतस. परत सांगाले कोनी येत नही.”

सरांनी फाइल मिटली. “मी उगाच शंका घेतली, बेटा,” म्हणाले आणि आम्हाला धरणगाव स्टँडवर सोडून पुढे गेले.

परतीच्या एसटीत मी मॅडमना सगळं सांगितलं. पार रडून. पाळधी गाव मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, “शबाना, मार्क पाठवायला अजून आठ दिवस आहेत. तेहतीस खरे भरून आण. मग मी सरांना फोन करून खरं काय ते सांगेन.”

सहा दिवसांत भरले. रिपोर्टातले दोन निष्कर्ष उलटे निघाले. मॅडमनी सरांना फोन केला, सरांनी माझे मार्क कमी केले, आणि मी पास झाले. त्या दोघांनी मनात आणलं असतं तर अब्बांच्या काचेखालचं पत्र रद्दीत गेलं असतं. हे मी विसरू शकत नाही.

आता त्या प्रसंगाचं. मैत्रीण म्हणते, खानदेशात सुपडू पाटील गावोगाव सापडतील. मान्य. म्हातारबुवांनी पोरीची कीव येऊन सांभाळून घेतलं असेल. तेही मान्य. पण मेकॅनिक दोनदा आला, हे? आणि ते वाक्य? फॉर्म सरांच्या फाइलमध्ये होता, नानांनी तो पाहिलाही नव्हता.

त्या तेहतीस फॉर्मसाठी फिरताना मी नानांचं गाव मुद्दाम टाळलं होतं. हिंमतच होत नव्हती. निकाल लागल्यावर मात्र पेढे आणि रिपोर्ट घेऊन एका सकाळी गेले. विचारायचंच ठरवलं होतं की नाना, तुम्हाला कसं कळलं?

ते तिथेच, ओट्यावर बसलेले होते. मी पायऱ्या चढायच्या आतच म्हणाले, “ये बेटा. आते खरी उनी तू.”

त्यांनी खांबाजवळची जागा हाताने झाडून दिली.

“बस. सांग, काय निंघनं?”

मी बसले, आणि रिपोर्ट पहिल्या पानापासून सांगायला लागले.